माझ्यामागे उभी राहिलेली रांग

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (सध्या मनातल्या मनात, कारण कमरेत उसण भरली आहे). तुझे गुडघे कसे आहेत? कुंड्या उचलायला तू वाकत नसशील अशी आशा करतो, आणि वाकत असशीलच हे धरून चालतो.

उसण संशोधनामुळे भरली. आमच्या केंद्राला तुमच्या भागाचा अभ्यास करायचं काम मिळालंय: कोणती जागा कशासाठी वापरली जाते, लोक कुठून कुठे जातात आणि बसचा थांबा नेमका कुठे असावा. बाकीच्यांनी नकाशे रंगवायचं काम पटकावलं, माणसं मोजायला मी उरलो. बाजारापलीकडच्या रिकाम्या भूखंडाच्या कोपऱ्यावर घडीचं स्टूल टाकून सकाळी सात ते अकरा बसायचं आणि दर माणसामागे वहीत एक रेघ ओढायची. पहिल्या दिवशी नऊ रेघा झाल्या (त्यातली एक मी स्वतः, चहा पिऊन परत येताना).

दुसऱ्या दिवशी एक डबेवाले गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, वहीत डोकावताहेत. मग त्यांच्यामागे एक बाई आल्या आणि "बसची रांग हीच ना?" म्हणून त्यांनी मला विचारलं. आता नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की मोजणाऱ्याने लोकांशी बोलून त्यांच्या वागण्यावर परिणाम करू नये. म्हणून मी गप्प राहिलो, आणि गप्प बसणं म्हणजे होकार हे तू मला लहानपणीच शिकवलं होतंस. चौथ्या दिवशी चौदा जण झाले. एवढी रांग बघून एका बस ड्रायव्हरला दया आली नि त्याने गाडी थांबवली. मग सगळेच थांबायला लागले. आठवड्याअखेर एका सकाळी एकशे सहा रेघा झाल्या. स्टूल एका म्हाताऱ्या गृहस्थांना द्यावं लागलं, आणि रोज चार तास उभं राहून माझी कमर गेली.

मी आमच्या मॅडमना जाऊन खरं काय ते सांगितलं, की लोक थांब्यासाठी नाही, माझ्यामागे उभे राहतात.

"लोक कशाच्या मागे उभे राहतात, हे आकडा विचारत नाही," त्या म्हणाल्या आणि रकान्याची बेरीज केली.

तुलनेसाठी एक दिवस जुन्या थांब्यावर बसलो, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, व्यायामोपचाराच्या दवाखान्यासमोर. दिवसभरात अकरा माणसं. त्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्या नवऱ्याला आणतात, त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलंय. दारापासून बसच्या पायरीपर्यंत वीस पावलं, त्यांना सहा मिनिटं लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तंबाखू मळली, वाट पाहिली. नवीन कोपरा तिथून अर्धा किलोमीटर आहे. आमच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. मी दोन रेघा ओढल्या.

थांबा कोपऱ्यावर हलवावा, अशी शिफारस अहवालात गेली. खाली तिसरी सही माझी आहे. बाकी इकडे ठीक. काकांना नमस्कार, तुला पुन्हा एक.

तुझा भाचा

ता. क. हरकती घ्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. हरकत तिथल्या रहिवाशाचीच लागते, माझी चालत नाही. मजकूर सोबत जोडलाय, अहवालातल्या चुका पान नंबरांसकट दिल्यात. तुझ्या अक्षरात उतरवून दे आणि माझा कागद फाडून टाक.

आणखी एक: "मोजणी करणारा इसम सदर कामास सर्वस्वी नालायक होता" हे वाक्य मायेपोटी गाळू नकोस. सगळी हरकत त्याच्यावर उभी आहे.

शेवटचं: आलेल्या हरकतींवर अभिप्राय लिहायचं काम आजच माझ्याकडे आलंय. तेव्हा अक्षर जरा सुवाच्य काढ. तुझं म्हणणं मला पटेल असं वाटतं, पण नातं आहे म्हणून गृहीत धरू नकोस.