पहिली माझी

पप्पा, खडोलीच्या कारखान्यामागचं तुमचं मैदान आता राहिलेलं नाही. तिथे कंटेनर उभे असतात. काल सामरवरणीला आईकडे आले आणि काही काम नसताना तिकडे चक्कर मारून आले. डाईंग शेडची भिंत मात्र तीच आहे, त्यामुळे सामना झाल्यावर तुम्ही सगळे रिंगण करून कुठे बसायचात, ते मी अजून नेमकं दाखवू शकेन.

तुम्ही डाईंगचे सुपरवायझर आणि कंपनीच्या हॉकी संघाचे मॅनेजर. मी किटली सांभाळायला आलेली शाळकरी मुलगी. आधी चहा, मग चुका, आणि चुका वरून खाली. ज्याचा हुद्दा सगळ्यात मोठा, त्याने स्वतःची चूक आधी सांगायची. तुम्ही कप खाली ठेवता, नखांत निळा रंग तसाच असतो, आणि म्हणता, "पहिली माझी." याला उशिरा उतरवलं, त्याचा गुडघा दुखतोय का ते विचारलं नाही, असं काहीतरी. मग कॅप्टन, मग बाकीचे. खानवेलहून बसने येणारा पॅकिंगमधला एक बचावपटू एकदा म्हणाला की चेंडू त्याच्या पायाखालून गेला, कारण तेव्हा तो शेवटची बस सुटेल का, याचा विचार करत होता. मी हसले. घरी जाताना स्कूटरवर, मागे न बघता, तुम्ही म्हणालात, "तू हसलीस, माय. आता तो पुढच्या वेळी सांगणार नाही. मग मी दुरुस्त काय करू?"

वापीची फायनल हरलो त्या दिवशी शेठही आले होते. कारखान्याचे मालक, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. कुणीतरी खुर्ची आणायला धावलं तर तुम्ही म्हणालात, खुर्चीवर बसलात तर पहिला नंबर तुमचा, शेठ. सगळे हसले, शेठही हसले, आणि मातीतच बसले. मग गुजरातीत म्हणाले, "पहेली मारी. बस में रोकी हती." पाहुण्यांसाठी त्यांनी संघाची बस अडवून ठेवली होती, म्हणून पोरं उतरल्या उतरल्या थेट मैदानात गेली होती. पुढच्या वर्षी त्याच पोरांनी ती फायनल जिंकली. पुढे कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी चांगल्या जर्सी दिल्या आणि चुकीला मेमो. मग कुणाची चूकच होईना, आणि संघ हरत गेला. जाण्याआधी तेवढं बघायला तुम्ही होतात, हे मला आवडत नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले. आता व्यावसायिक लीगमधल्या मुलींच्या एका संघात व्हिडिओ ॲनालिस्ट आहे. सामन्याचं चित्रण तुकड्यांत कापायचं, कोण कुठे उभी होती ते मोजायचं. आमच्याकडे उत्तम टर्फ आहे, फिजिओ आहे, आणि मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही. चूक कबूल केली की पुढचा करार मिळत नाही, हे सगळ्या जाणतात. गेल्या सामन्यात शेवटच्या सत्रात मालकांचा गॅलरीतून बेंचवर फोन आला. पेनल्टी कॉर्नरला गोलमधून सगळ्यात आधी धाव घेते ती आमची जुनी बचावपटू बाहेर काढली, आणि महागात घेतलेली नवी मुलगी आत पाठवली. लगेच समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि तो दिला गेला की बदली करता येत नाही. नवी मुलगी चुकीच्या बाजूने धावली. तिच्याआड गोलकीपरला चेंडू दिसलाच नाही. आम्ही हरलो. मालकांनी मला गोलकीपरच्या चुकांच्या क्लिप काढायला सांगितल्या. तिला करारातून मोकळं करायचं होतं. कोच शेजारीच उभे होते, तेव्हाच मी मालकांना तुमची रीत सांगितली. ते हसून म्हणाले, मॅडम, वो फॅक्टरी टीम थी.

मी क्लिप काढली. फक्त ती थोडी आधीपासून सुरू केली, कोच फोन कानाला लावतात तिथून. मीटिंगमध्ये ती दाखवली. मालक मागच्या रांगेत मोबाइल बघत होते, गोलकीपर फरशीकडे. मग कोच उठले. कमी बोलणारे, हरियाणाचे, स्वतःचाही करार संपत आलेला. म्हणाले, "पहली मेरी है. फोन मुझे उठाना ही नहीं था." मग कॅप्टन बोलली. मग नवी मुलगी. कुठल्या बाजूने धावायचं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. गोलकीपर सगळ्यांत शेवटी बोलली, आणि बराच वेळ बोलली. मालक मध्येच उठून गेले. गोलकीपर सध्या तरी संघात आहे. कोचचं काय होईल, माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगते. कोच ते वाक्य बोलले तेव्हा मी टेबलाखाली वाकले होते. प्रोजेक्टरची वायर सैल झाली असेल, असं सगळ्यांना वाटलं. वायर घट्ट होती, पप्पा.