डी ड्राइव्ह मेलेली न्हाई

आवं, तुमचा साहेब खोटं बोलतोय. आपल्या कॉम्प्युटरची डी ड्राइव्ह मेली, मी टाइप केलेली पाण्याच्या टँकरची यादी गेली, असं त्यानं कचेरीत सांगून टाकलंय. पडद्यावर डी फेल आलं होतं, हे खरं. पण मशीन सुरू होताना दिसतो तो डी म्हणजे आपली डी ड्राइव्ह न्हाई, दुसरी हार्ड डिस्क. आपल्याकडं डिस्क एकच हाय, तिचेच मी सी आणि डी असे दोन भाग पाडलेत.

म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरचा डबा खोलून स्वतःची डिस्क जोडली आणि यादी उतरून घेतली. जाताना डिस्क नेली, पण सेटअपमधली तिची नोंद काढायची विसरला. म्हणून मशीन सुरू होताना नसलेली डिस्क शोधत अडून बसायचं. ती नोंद मी काढली, तसं लगेच सुरू झालं. सी हाय, डी हाय, आणि टँकर न पोचलेल्या अकरा वस्त्यांची नावंबी हायती.

यादी फ्लॉपीवर घेऊन मी सांगलीला टँकरच्या सुनावणीला चाललेय. साहेबाचा माणूस “फॉरमॅट मारून देतो, वहिनी” म्हणत येईल. फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जातं, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. भाकरी टोपल्यात हाय.

तुमी साहेबाची जीप चालवता, नोकरीची भीती मला कळती. पण कुलूप तुटलेलं न्हाई आणि किल्ल्या आपल्या दोघांकडंच असत्यात. सोमवारी मी पलूसला माहेरी होते, तवा दार कुणाला उघडलंत? संध्याकाळच्या एसटीनं येते. तोंडावर नाव सांगा.