पुलावरचा मधला बाक

४ फेब्रुवारी
रेल्वेचा जुना पूल चालायला खुला झाला. रूळ उखडले, फळ्या टाकल्या आणि कठड्याला पोपटी रंग फासला! पूल आहे की पाळणाघर? वर सायकलवाले अंगावर येतात. पोस्टाच्या खिडकीमागे आयुष्य गेलं माझं — घुसणारा माणूस लांबून ओळखते. एकाला थांबवून कॉन्व्हेंटातल्या इंग्रजीत झापलं. "सॉरी आजी" म्हणाला. कोणाची आजी!
तरी नदीवरचा वारा छान लागला. गुडघाही कुरकुरला नाही. देवाचे आभार, नगरपालिकेचे नाहीत.

६ फेब्रुवारी
पुलावर वन्सं दिसल्या. ह्यांची धाकटी बहीण, पलीकडच्या काठाला राहतात. रस्त्याने वळसा मोठा, त्यामुळे भेट टाळणं दोघींनाही सोयीचं होतं. हे गेले त्या दिवशी भरल्या घरात म्हणाल्या, "एका घरात राहून वहिनींना दादाचं दुखणं दिसलं नाही?" तीन वर्षं झाली. ते वाक्य रोज माझ्या आधी उठतं.
मधल्या बाकापाशी आल्या, मला पाहिलं, वळल्या. मीही वळले.

७ फेब्रुवारी
पुन्हा तेच. तमाशा नुसता!

११ फेब्रुवारी
पाय दुखत होते, म्हणून बाकावर टेकले. त्याही बसल्या — दुसऱ्या टोकाला.
"वाळलात हो वहिनी."
"माझं वजन तुमच्याकडे आलेलं दिसतंय."
त्या हसल्या. मलाही आवरेना.

१५ फेब्रुवारी
आता रोज बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोप्यांना नावं ठेवतो. वन्संना माझ्याइतकं वाकडं बोलता येतं, हे इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं! आज घरी येऊन पोटभर जेवले. किती दिवसांनी! ह्या पुलाला आता हवा तो रंग लावा, माझी तक्रार नाही.
त्या वाक्याचा विषय त्या काढत नाहीत. मी विचारत नाही.

१९ फेब्रुवारी
वन्सं आल्या त्याच रडवेल्या. "दादा मला फोनवर म्हणाला होता, छातीत दुखतंय. वहिनीला सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल. मी गप्प बसले. आणि वर तुम्हालाच…"
म्हणजे माझी नजर चुकली नव्हती. ह्यांनी लपवलं होतं. माझ्या तोंडाला घाबरून!
वन्संना चांगलं सुनावायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच — "बरं झालं सांगितलंत."