तिच्याकडून आलेली तुमची वही

मॅडम, तुमची रोजच्या टिपणांची हिरव्या पुठ्ठ्याची वही परवा हैदराबादहून कुरिअरने माझ्याकडे आली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ही वही तुम्ही मला नव्हे, तिला दिलीत, त्याला बावीस. पाठवायच्या आधी तिनं फोन केला होता. "मी तर आता चिपा करणाऱ्यांवर नुसती देखरेख करायले गं. तू नांदेडात पोरांना शिकवतेस. तुझ्याजवळ असू दे." जिच्यासाठी मी इतकी वर्षं झुरले ती वस्तू ती इतक्या सहज देऊन टाकते, याचाही मला हेवाच वाटला.

आम्ही दोघी एकाच प्रोजेक्टवर होतो. मी मुदखेडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. ती उदगीरची, तिच्या अण्णांचं कापडाचं दुकान. कॉलेजात चिपचा बोर्ड एकच होता. चिप म्हणजे कोरी पाटी, सर्किट आपण लिहून तिच्यात भरायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या पाटीचं अर्धं माझं, आकडे पाठवणारं. अर्धं तिचं, ते घेऊन पडद्यावर दाखवणारं. दोन्ही अर्ध्यांची घड्याळं वेगळी, ठोके एकमेकांशी जुळत नाहीत. मग आकडा इकडून तिकडे न सांडता जायचा कसा, हे मला काही केल्या कळेना. तेव्हा शनिवारी तुम्ही आम्हाला लातूरच्या घरी बोलावलंत.

अजून दिसतं. तुम्ही ओट्याला टेकून उभ्या आहात. माझ्या हातात लाटणं, तिच्या हातात उलथनं. "पोळी लाटून झाली की 'घे' म्हणायचं," तुम्ही मला सांगता, "आणि ती 'हं' म्हणेस्तोवर दुसरी द्यायची न्हाई." मग तिच्याकडे वळता. "आणि तू गं, 'घे' ऐकू आलं की लगेच हात पुढं करू नको. दोन दम थांब. अर्धवट ऐकलेलं लई वाईट. धड हो नसतं, धड नाही नसतं." मी घाईत तव्यावरच्या पोळीवरच दुसरी टाकते. ती म्हणते, "मॅडम, हिचं घड्याळ मुदखेड ठेसनचं हाय. गाडी आली न्हाई तरी घंटा वाजवती!" तुम्ही इतक्या हसता की पदरानं डोळे पुसता. मीही हसते. पण माझ्या कुठल्या बोलण्यावर तुम्ही असं डोळे पुसेपर्यंत हसल्याचं मला आठवत नाही, आणि मी तेव्हा तव्याकडे बघत तेच आठवत होते.

पुढे तिनं तिच्या अर्ध्यात ते 'दोन दम' लिहिले. बाहेरून आलेली खूण सरळ आत घ्यायची नाही, आपल्या घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या दोन पायऱ्या चढवून मग घ्यायची. चार ओळींचं काम. मला म्हणालात, "तू लिहितेस भराभर, पण तुला थांबता येत न्हाई. हिच्याकडून शीक." लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. तुम्ही रागावला नव्हतात हे आता कळतं. विद्यार्थ्यांना मीही असंच बोलते आणि विसरून जाते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी शेवटची फाइल बोर्डात भरायचं काम माझ्याकडे होतं. ती प्रसाद आणायला गंजगोलाईच्या देवळात गेली होती. मी तिच्या त्या चार ओळी काढल्या आणि फाइल भरली. कॉम्प्युटरवर तपासलं तर सगळं ठीक दिसतं. तिथे घड्याळं चुकत नाहीत. प्रत्यक्ष बोर्डावर मात्र एखाद्या वेळी खूण आणि ठोका नेमके एकत्र येतात आणि भलताच आकडा उमटतो. कधी उमटेल ते कोणी सांगू शकत नाही. बाहेरून आलेल्या सरांसमोर तो दोनदा उमटला. त्यांनी तिला विचारलं, "हा आकडा कुठून आला?" ती बोर्डाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, माझंच चुकलं असेल." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. शंका आली असती तर पाहिलं असतं ना.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या चार ओळी परत घातल्या. दुपारी तुम्ही बोर्ड पुन्हा चालवून पाहिलात. अर्धा तास एकही आकडा चुकला नाही. तुम्ही बोर्डाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि तारा गुंडाळायला लागलात. ती जिन्यात रडत बसली होती. तुम्ही तिच्या शेजारी पायरीवर बसलात आणि पर्समधून काढून ही वही तिच्या मांडीवर ठेवलीत. मी तिला तुमच्या नजरेतून उतरवायला गेले होते, मॅडम. वरच्या जिन्यावर उभं राहून मला तिनं डोकं टेकवलेला खांदा दिसत होता, तुमचा.

तुम्हाला कळलं होतं का? परवापासून वही तीनदा वाचली. त्या तारखेच्या पानावर दळणाची आठवण आहे आणि गॅसचा नंबर लावायचाय असं लिहिलंय. माझ्याबद्दल कुठेच काही नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. पण तुमच्या निळ्या शाईच्या शेजारी जागोजागी तिची पेन्सिल आहे, बावीस वर्षांची. "मॅडम, हे आता असं करत नाहीत." "मॅडम, आज हेच चुकले, तुम्ही असता तर बोलला असता." तुमच्या मागेही ती तुमच्याशी बोलत राहिली. मी ज्या ज्या वर्गात हा धडा शिकवला तिथे तुमचंच वाक्य वापरलं, पोळीचंसुद्धा, आणि कुणाचं ते कधी सांगितलं नाही.

काल तिचा फोन आला. "त्या दिवशी बोर्डावर काय झालतं गं? अजून कोडं सुटलं न्हाई. नव्या पोरांना मी तेच सांगते, मला न सापडलेली चूक म्हणून." सांगायचं ठरवूनच मी फोन उचलला होता. मी सुरुवात करायच्या आतच तिनं विचारलं, "आन् वही मिळाली का?"

"न्हाई अजून," मी म्हणाले.

"थांब, त्या कुरिअरवाल्याचं डोकंच खाते आता."

वही माझ्यासमोर उघडी होती, शेजारी खोडरबर. तिच्या पेन्सिलीच्या दोन ओळी मी आतापर्यंत पुसल्या आहेत, मॅडम. तुमच्या अक्षराला धक्का लागू दिला नाही.