उघडा राहिलेला कोपरा

३ ऑक्टो., गुरू.
पश्चिमेची भिंत झाली एकदाची. आधी थर्मोकोलसारखे जाड फोमचे तक्ते चिकटवले, वर न पेटणारा जिप्सम बोर्ड. वरचा मजला, ऑक्टोबरचं ऊन, तरी हॉल गार! नितीन जाम खूष. "तिकडे अमेरिकेत सगळी घरं अशीच." बोर्ड कमी पडला म्हणून देवघरामागचा कोपरा तेवढा उघडा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, घट बसायच्या आत येतो.

५ ऑक्टो., शनि.
आला नाही. फोमचा तुकडा बाल्कनीत काडीने पेटवून पाहिला. बाई गं! भडकला, थेंब थेंब गळत राहिला. काळाकुट्ट धूर. नि.ला म्हटलं, कोपऱ्यातला कापून टाकते. "वेडी आहेस का? येईल तो चार दिवसांत."

७ ऑक्टो., सोम.
घट बसले. अखंड दिवा लागला, फोमपासून वीतभर. सासूबाईंना म्हटलं, आई, देवघर जरा पुढे घेऊ या?
"घट बसल्यावर देव हलत नाहीत. भिंत हलवा तुमची."

८ ऑक्टो., मंगळ.
ऑफिसात लक्ष नाही. सारखी घरी फोन करतेय. "आहे जिवंत," आई म्हणाल्या आणि ठेवला. दिवसभर एकट्या असतात, गुडघे असे. धूर झाला तर दारापर्यंत तरी...

१० ऑक्टो., गुरू.
सकाळी नि. कंपनीच्या कामाला अमेरिकेला निघाला. मी रजा टाकली. दुपारी आई आडव्या झालेल्या. ज्योत अचानक मोठी झाली, फोमची कड वितळून आत वळली. मी फुंकर मारली. अखंड दिव्याला, तोंडाने!
आई उठल्या. म्हटलं, वाऱ्याने गेला.
"खिडकी बंद, पंखा बंद. वारा कुठून आला गं?"
मग हळूच म्हणाल्या, "नितीन विमानात असेल ना आता?"
दिवा परत लावला नाही त्यांनी. जपमाळ घेऊन बसल्या. जेवल्या नाहीत.

११ ऑक्टो., शुक्र.
नि. पोचल्यावर लगेच फोन करणार होता. सकाळीच यायला हवा होता फोन. इंजिनिअर आहे मी, असलं काही मानत नाही. मानत नाही.
आईंनीच सुरी काढून दिली. "काप तो कोपरा." देव न हलवता हात घालून फोम खरवडून काढला. आई खाली परात धरून उभ्या. हे सोमवारीच केलं असतं तर.
"लाव आता," म्हणाल्या. एकामागून एक काड्या वातीपर्यंत पोचायच्या आत विझत गेल्या. शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं, तेव्हा लागला.
दोघी फोनपाशी बसलोय. अजून नाही.