कोरडा नमुना

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार (वाकून, पण पाठ धरल्यामुळे निम्माच). विनंती विशेष असं लिहायची रीत आहे. विशेष पुष्कळ आहे, विनंती शेवटी. तुमचे गुडघे कसे आहेत? पत्र मिळालं. नेहमीच्या तीन ओळी: प्रकृती ठीक, सगळं स्थिर, काळजी नसावी. मामी गेल्यापासून दीड वर्ष हेच येतंय. आई दर वेळी कागद उलटून बघते, मागे काही लिहिलंय का. मग म्हणते, स्थिर आहे ना, चांगलंच आहे, आणि घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेते.

आता माझे पराक्रम. तुमच्या खुर्चीत बसून मला दोन वर्षं झाली (तिचा तो पाय अजून डुगडुगतो, खालची तुमची पुठ्ठ्याची घडी मी बदललेली नाही). काम तेच. कुजवून तयार झालेला कचरा जमिनीत पुरण्याआधी खरंच निवलाय का, ते बघायचं. ओलसर नमुना बाटलीत बंद करून चार दिवस ठेवायचा आणि त्यातले जंतू किती प्राणवायू खातात ते मोजायचं. फार श्वास घेतला तर पुरायचा नाही, नाहीतर जमिनीखालून वायू आणि वास सोडून तो सूड उगवतो. हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण आई माझी पत्रं आधी वाचते आणि तिला अजून वाटतं की मी तिथे झाडू मारते.

तर झालं असं, की गेल्या पंधरवड्यात नव्या ढिगाचा नमुना आला. उन्हाने पार कुरकुरीत झालेला. त्यावर पाणी शिंपडून मूठ दाबून बघायची, हे तुम्हीच शिकवलेलं. पण तेवढ्यात आमच्या घाईसाहेबांचा फोन आला (खरं नाव वेगळं आहे, ते सांगायला त्यांना वेळ नसतो). एका हातात फोन, दुसऱ्यात बाटली. मूठ दाबायला तिसरा हात देवाने दिला नाही. मी नमुना तसाच कोरडा भरला. चार दिवसांनी आकडा आला, जवळजवळ शून्य. साहेब हरखले, इतका शांत कचरा उभ्या आयुष्यात पाहिला नाही म्हणाले. मीही शेफारले आणि सही ठोकली.

गाड्या भरल्या. धूळ उडू नये म्हणून पहारेकऱ्याने त्यांवर पाइपने भरपूर पाणी मारलं. नेमका वजनकाटा बंद पडला आणि गाड्या दोन दिवस फाटकातच अडकल्या. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर भपकन वाफ, आणि वास असा की काट्यावरचा माणूस जेवणाचा डबा न उघडता घरी गेला. मी पहिल्या गाडीसमोर हात पसरून उभी राहिले. सही मागे घेतली, साहेबांपुढे चूक कबूल केली. नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते. त्यांनी आधी नाकावर रुमाल धरला. मग म्हणाले, ढीग पुन्हा कुजवायला घाला, आणि यापुढे कामाच्या वेळी मी फोन करणार नाही. (या दुसऱ्या वाक्यासाठी अख्खं खातं माझं ऋणी आहे.)

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. "कोरडा कचरा श्वास घेत नाही, म्हणून तो निवला असं समजू नकोस. आधी पाणी दे. मूठ दाब. बोटांच्या फटीत थेंब डोकावला, की मग बाटली भर." मी ते पाठ केलं होतं, समजलं नव्हतं.

बाकी ठीक. थंड पाण्याने अंघोळ करू नका.

तुमची भाची

ता. क. साहेब म्हणतात, फेरतपासणीला अनुभवी नाक हवं, मामांना चार दिवस बोलवा. तिकीट सोबत जोडलं आहे.

आणखी एक ता. क. साहेब असलं काही म्हणाले नाहीत. तुम्ही कामाशिवाय हलत नाही, म्हणून लिहिलं. मामा, तुमच्या त्या 'सगळं स्थिर'वर माझा विश्वास नाही. तसाच आकडा मीही सही करून पाठवला होता. चार दिवस या. इथे आईची बडबड आहे, भांडायला मी आहे, मामीची आठवण काढली तर विषय बदलणारं कुणी नाही. फलाटावर उतरलात की आधी तुमचा हात घट्ट दाबून बघणार आहे. थेंब कुठे डोकावतो ते कळेलच.

शेवटचा ता. क. आईने हे वाचलं. सख्ख्या भावाला कचऱ्याच्या रांगेत बसवलं म्हणून मला बोल बोल बोलली. मग हातातलं भांडं तसंच ठेवून तुमच्यासाठी खोली झाडायला गेली.