सडपातळ म्हणे!

३ फेब्रुवारी

आज कारखान्यातला मापाचा पुतळा पडला आणि कंबरेत दुभंगला. नवा यायला वेळ, आणि मोठ्या दुकानाची ड्रेसची ऑर्डर डोक्यावर! कटिंगमास्तरांनी चष्म्यावरून सगळ्या मशीनवाल्यांवर नजर फिरवली, माझ्यापाशी थांबले. "या बाई सडपातळ आहेत. अगदी पुतळ्याच्या मापाच्या. यांच्यावरच बेतू."

सडपातळ! सगळ्यांदेखत! चाळिशीला आले, पण हा शब्द कधी माझ्या वाट्याला आला नव्हता. माहेरी काडी. शाळेत शिडी. लग्न जमवताना 'अंगानं जरा कमीच'. घरी येऊन कौतुकानं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सडपातळ कसली? वाळकी म्हण. रोज डबा तसाच परत आणतेस." झालं, घातलं विरजण.

१० फेब्रुवारी

मशीन सुटलं! दिवसभर कटिंगच्या टेबलापाशी उभी. मास्तर अंगावर कापड चढवतात, टाचण्या लावतात, मग ते उतरवून त्यावरून कागद कापतात. सगळी मापं त्या कागदावरून. टेप गळ्यात नुसती लोंबते. पुतळ्यावर काम करायची सवय — पुतळा काही वाळत नाही!

मालकीणबाई म्हणाल्या, ऑर्डर नीट गेली तर तुम्हाला कायमचं टेबलावर घेते. मशीनवर वाकून वाकून पाठीचा पार भुगा झालाय. मला एवढंच मिळू दे, बाकी काही नको.

१९ फेब्रुवारी

"कंबरेत पुन्हा सैल होतोय हो," मास्तर म्हणाले. टाचणी आत सरकवली. "छान! अशाच राहा."

राहते की. भूक तशीही लागत नाही.

२४ फेब्रुवारी

जाऊबाई आल्या होत्या. "काय सडपातळ झालीस गं! करतेस तरी काय?" काही नाही म्हटलं. खरंच काही करत नाही. त्यांना पटलं नाही, गुपित राखतेय म्हणे! ह्यांनी मान वर केली, "बरी दिसतेस" म्हणाले आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

सासूबाई मात्र भर बैठकीत — "पाप्याचं पितर झालीय नुसती! लोक म्हणतील, सासू उपाशी ठेवते." म्हणजे काळजी कुणाची? स्वतःच्या नावाची! मला कुणी चांगलं म्हटलेलं बघवतच नाही या बाईला. वर डब्यात रोज दोन उकडलेली अंडी कोंबतात. मी ती कारखान्यातल्या शेजारणीला देऊन टाकते.

५ मार्च

कारखान्याचा जिना चढताना धाप लागली. मधेच बसावं लागलं. खोकला आहेच. कापडाच्या धुळीनं असेल.

११ मार्च

सगळा माल परत आला. सगळा! मधल्या मापाचा ड्रेस बारीक बायकांनाही होईना, मोठा तर कुणाच्या खांद्यातून उतरेना.

मालकीणबाई टेबलापाशी येऊन ओरडल्या, "या हडकुळीला मापाला कुणी उभं केलं?" हडकुळी! महिन्याभरापूर्वी हीच बाई मला बघून म्हणाली होती, अंगावर काय बसतंय! आणि मास्तर? कापडाची घडी घालत म्हणाले, "बाईंनी सांगायला नको, बारीक होत चाललेय म्हणून?"

अहो, टाचण्या कुणाच्या हातात होत्या! जिभेवर आलं होतं. गिळलं. माल खपला असता तर मी सडपातळ. परत आला, आता हडकुळी. उद्यापासून पुन्हा मशीन. टेबल गेलं. रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप आलाय.

१२ मार्च

पहिला नमुन्याचा ड्रेस मास्तरांनी मला बक्षीस दिला होता. माझ्याच अंगावर बेतलेला, तेव्हा चापूनचोपून बसला होता. फेकूनच द्यायला काढला, पण त्याआधी एकदा घालून बघितला. खांद्यांवरून घसरला आणि पायांत जाऊन पडला.

आरशात बघितलं. नीट. गळ्याखालची हाडं, दंड, सगळं. घाबरले.

मागे वळले तर दारात सासूबाई. आता काहीतरी लागेल असं बोलणार, म्हणून मीच आधी फणकारले, "बघा, आहे मी वाळकी! झालं समाधान?" त्या तशाच आत गेल्या, चपला घालून आल्या.

"चल."

"कुठे?"

"चल म्हटलं ना."

१४ मार्च

छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, डाग आहे. औषधं बरेच दिवस चालतील. मग चष्मा काढून आमच्या दोघींवर वैतागले, "इतकी खंगेपर्यंत घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? फार उशीर केलात."

सासूबाई म्हणाल्या, "मी नाही केला."